विधानसभेत आधी पोचलेली होडी

मंत्री सभागृहात उभे राहतात, घसा साफ करतात आणि उत्तर देतात, असा तुमचा समज असेल. राहू द्या. घसा त्यांचा असायचा, एवढं मी कबूल करतो. बाकी सगळं माझं. नगर जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका कचेरीत, खिडकीशेजारच्या डगमगत्या टेबलावर बसून मी किती मंत्र्यांच्या तोंडून बोललो असेन याला गणती नाही. मंत्री बदलले, खाती बदलली, माझं टेबल तेच. त्याच्या आखूड पायाखाली जुन्या गॅझेटची घडी. कचेरीचं नाव मात्र सांगत नाही. त्या वेळचे साहेब आता नव्वदीत आहेत आणि अजून बिनचष्म्याचं वाचतात.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा आधी समजावला पाहिजे. आमदाराला सरकारला जाब विचारायचा असला की तो प्रश्न लिहून देतो. ज्या प्रश्नावर चांदणी छापतात तो तारांकित. त्याचं उत्तर मंत्र्यानं उभं राहून तोंडी द्यायचं, आणि उत्तर दिलं की आमदार तिथल्या तिथं उपप्रश्न विचारू शकतो. तेव्हा मंत्र्याच्या हातात एकच कागद असतो, त्याला म्हणायचं पूरक टिपणी. आमदार पुढं काय काय विचारील याचा अंदाज बांधून ती खालच्या कारकुनानं लिहायची. म्हणजे आमदाराच्या डोक्यात शिरायचं, मंत्र्याच्या तोंडात शिरायचं, आणि स्वतः कुठंच दिसायचं नाही. भुताला सुद्धा एवढी कामं नसतात.

प्रश्न मुंबईला विचारला जायचा. तेव्हाच्या सचिवालयातून तो नगरला, नगरहून प्रांताकडं आणि तिथून आमच्याकडं यायचा, वर तातडीची लाल पताका लावून. ती पताका दारात दिसली की आमच्या साहेबांच्या, म्हणजे रावसाहेबांच्या, चहावर साय धरायची, टायपिस्ट मशीनवर खोळ घालायचा, आणि कचेरीतलं मांजर, शपथेवर सांगतो, रजेवर जायचं.

प्रश्नाची बांधणी ठरलेली. पहिला भाग, ‘हे खरे आहे काय’. पुढचे सगळे भाग ‘असल्यास’ पासून सुरू. आता आमची कला बघा. पहिल्याला ‘नाही’ म्हटलं की खालच्या सगळ्यांना एकच उत्तर पुरतं, ‘प्रश्न उद्भवत नाही’. या तीन शब्दांवर माझ्या साहेबांच्या नोकऱ्या सुखरूप पार पडल्या. ‘अंशतः खरे आहे’ याचा अर्थ, पूर्ण खरं आहे पण आमची बदली करू नका. ‘माहिती घेण्यात येत आहे’ याचा अर्थ, माहिती आहे पण सांगण्यासारखी नाही.

आणि एक नियम माझ्या पहिल्या हेडक्लार्कनं पान जमवता जमवता शिकवलेला. “गाडेकर, उत्तर लिहिलं त्या दिवशी ते खरं असायची गरज नाही. वाचलं जाईल त्या दिवशी खरं पाहिजे. त्या दिवशी खोटं निघालं तर सभागृहाचा हक्कभंग. मग मंत्र्यांची मान अडकते, आणि ती सोडवायला खालून माना मागवतात.”

हा नियम मी विसरलो नाही म्हणून ही गोष्ट घडली.

दुष्काळाचं साल होतं, त्र्याहत्तरचा उन्हाळा. मुंबईत अधिवेशन चालू. एका सकाळी लाल पताका आली. प्रश्न विचारला होता तात्यांनी. हे तात्या म्हणजे पुणतांब्याकडचे, गोदावरीकाठचे विरोधी आमदार. पेरूच्या बागा, पाटाचं पाणी, काळी जमीन. त्यांचा प्रश्न मात्र आमच्या डोंगरातला, भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीचा.

‘(१) या वाडीची होडी डाव्या अंगाच्या तिसऱ्या फळीस भोक पडून दोन वर्षे नादुरुस्त आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, तेथे नवी होडी केव्हा देणार, (३) अद्याप न दिल्याची कारणे काय?’

रावसाहेबांनी तो तीनदा वाचला. “गाडेकर, पेरूच्या बागेत बसलेल्या माणसाला आपल्या होडीची तिसरी फळी कशी दिसली? कोण हा खबऱ्या? शोधून काढा.”

मला खबऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण तिसरी फळी डोक्यात रुतून बसली. एवढी बारीक बातमी इकडून तिकडं जाते कशी? आमच्या कचेरीला तर आमच्याच छपराचं भोक पाऊस पडल्यावर कळायचं. मी म्हटलं, “साहेब, जाऊन पाहून येतो.” सगळी कचेरी माझ्याकडं बघायला लागली. प्रश्नाचं उत्तर द्यायला जागेवर जाऊन बघायचं, हा प्रकार आमच्याकडं तोवर झालाच नव्हता.

अकोले गावापासून जीप, पुढं पायपीट. पाण्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. धरण खाली गेलेलं, पण दरीत पाणी होतंच, हिरवंकाळं. काठावर होडी. होडी म्हणजे काय, एकमेकींचा राग आलेल्या फळ्या नाइलाजानं एकत्र उभ्या होत्या. वल्हवायला लहानू नावाचा म्हातारा, आणि पाणी उपसायला त्याची बायको ठकूबाई, हातात डालड्याचा डबा.

मी बसलो. दहा हात गेलो असू नसू, बूट भिजले.

“पाय वर घ्या, भाऊसाहेब,” ठकूबाई म्हणाली. “आन् टोपी काढून ठिवा. एका डब्यानं भागत न्हाई.”

मी टोपीनं पाणी उपसायला लागलो. उपसता उपसता फळ्या मोजल्या. एक, दोन, तीन. तिसरी धडधाकट! भोक चौथीला. मूठभर चिंध्या कोंबलेल्या, वर डांबर.

माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा. तिसऱ्या फळीला भोक नाही! प्रश्नच खोटा! ‘नाही’ लिहायचं, आणि तेही खरं! असा योग कारकुनाच्या आयुष्यात एखादाच.

“फळी मोजाया आलाय व्हय?” ठकूबाईनं विचारलं. “तात्यांनी इचारलं का?”

खबऱ्या माझ्यासमोर डबा घेऊन बसला होता.

“तुम्ही तात्यांना कशा ओळखता?”

“त्यांच्या बागंत खुरपायला गेल्तो आमी, हिवाळ्यात. बांदावर भाकर खात हुते. ते आले, म्हनले, गावाकडं कसं काय? मी म्हनलं, बरं हाय. तर म्हनले, बरं म्हंजी काय? आन् मंग जे इचारत बसले! होडी कुठं फुटली, भोकात बोट जातं का मूठ, पानी उपसाया किती जन, माघारी येताना कोन उपसतं. माजी भाकर वाळली, पन त्यांचं इचारनं सरंना. इचारता इचारता माजं खुरपं घेऊन एक वाफा खुरपून बी झाला त्यांचा.”

“बाई, फळी चुकीची सांगितलीत,” मी म्हणालो. मला राहवेना. “तिसरी नाही, चौथी.”

“तळाची धरूनशान मोजली तुमी. मी बसते तितनं तिसरीच.” तिनं डबा रिकामा केला. “आता तुमी काय लिवनार?”

मग मी तिला आमचा सगळा धंदा सांगितला. सभागृह, चांदणी, उपप्रश्न. रोज सकाळी एक तास प्रश्नांचा, तास संपला की राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं नुसती छापून ठेवतात.

“येकच तास? समद्या मुलखाला?”

“एकच.”

“आन् व्हय म्हनायला सरकारला लई येळ लागतो का?”

मी टोपी पिळली.

पलीकडच्या काठावर एक पोरगी उभी होती, हात कमरेवर, पोट पुढं. ठकूबाई म्हणाली, “ही हौसा. माजी सून. म्हयना ऱ्हायलाय. दवाखाना तुमच्या अंगाला. मागल्या बारीला ह्या होडीत बसवायचं भ्या वाटलं म्हनून डोंगराचा वळसा घेतला, आर्दा दिस चाललो. वाटंतच झालं. ऱ्हायलं न्हाई.” आणि पुन्हा उपसायला लागली. एवढंच बोलली. आवाजही बदलला नाही.

कचेरीत परतलो. आता लाज वाटते, पण सांगतो, आधी चौथी फळीच सांगितली. रावसाहेब खुर्चीतून उठले. “गाडेकर, तुम्ही इथं कसे? तुम्ही मुंबईत पाहिजे होतात! लिहा. पहिला भाग, नाही. दुसरा, प्रश्न उद्भवत नाही. तिसरा, प्रश्न उद्भवत नाही. शाबास!” आणि भजी मागवली.

मी कच्चं लिहून घेतलं आणि पक्कं करायला बसलो. ‘नाही’ हा शब्द माझ्या बोटांना पाठ होता. त्या दिवशी तो उतरेना. पेन झटकलं, शाई बदलली. शेवटी समोर कोरा कागद घेतला आणि हेडक्लार्कचा नियम उलटा धरून बघितला. वाचलं जाईल त्या दिवशी उत्तर खरं असलंच पाहिजे. म्हणजे आधी उत्तर लिहिलं, तर सरकारला ते खरं करावंच लागेल.

लिहिलं. ‘(१) अंशतः खरे आहे. (२) नवी होडी पुरविण्यात आली आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.’

रावसाहेबांची सही करायची पद्धत मला ठाऊक होती. ते कागद खालून वाचायचे. शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’ दिसलं की सही. दिसलं. सही झाली. कागद डोंगर उतरून गेला.

चार दिवसांनी नगरहून पत्र. मजकूर असा, की उत्तर समाधानकारक आहे. पुरविलेल्या होडीचे छायाचित्र तात्काळ पाठवावे. प्रश्न अमुक तारखेच्या यादीत आहे. हातात अठरा दिवस.

“गाडेकर,” रावसाहेब हळूच म्हणाले, “ही होडी कुठाय?”

“विधानसभेत, साहेब.”

“आणि वाडीला?”

“तिथं न्यायचीय.”

पुढचा पाऊण तास काय झालं ते लिहीत नाही. पंखा बंद होता तरी कागद उडत होते. रावसाहेबांनी माझी बदली जिल्ह्याच्या सगळ्या तालुक्यांत एकेकदा करून टाकली. मग दमून बसले. आता उत्तर मागं घ्यायचं म्हणजे खाली सही कुणाची हे वर विचारणार. “नवी होडी मागवली तर मंजुरी येईपर्यंत मी पेन्शनीत जाईन,” ते म्हणाले. “तयार होडी कुठं मिळेल?”

डोंगरात कुठं मिळणार? होड्या नदीला. आणि दुष्काळात नदीला पाणी नाही, म्हणजे होड्या मोकळ्या. आणि नदी म्हणजे गोदावरी. आणि गोदावरीवर पुणतांबा, तात्यांचं गाव.

रविवारी तात्या पुणतांब्याला आले होते. बागेत बांधावर बसून पेरू खात होते. मी नमस्कार केला, सगळं सांगितलं, चौथ्या फळीसकट. ते मध्ये मध्ये फक्त विचारत होते. किती हात लांब? किती माणसं बसतात? हौसा कशी आहे? माझा पेरू हातातच राहिला.

“थांबा,” ते शेवटी म्हणाले. “माझ्या प्रश्नाला, माझ्याच गावच्या होडीनं, सरकार उत्तर देणार?”

“होय.”

“वा! तुमच्या खात्याच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला.” तात्या हसत सुटले, इतके की पेरूच्या झाडावरचे पोपट उठून नदीपलीकडं थेट जुन्या निजामाच्या हद्दीत गेले. मग एकदम गंभीर झाले. “होडी नेऊ देतो. वाळूत पडूनच आहे. पण प्रश्न मागं घेणार नाही. आणि उपप्रश्नही विचारणार.”

“कोणता?”

“तो तुम्ही ओळखायचा. तुमचं कामच ते.”

श्रीरामपूरचा उसाचा ट्रक ठरवला. वीसेक माणसांनी वाळूतून होडी ओढून वर चढवली. मागं आठ हात बाहेर. ड्रायव्हर म्हणाला, लाल फडकं बांधल्याशिवाय पोलीस सोडणार नाही. फडकं कुठून आणणार? माझ्या पिशवीत फाइल होती. तिची लाल पताका होडीच्या शेपटाला बांधली. तारांकित होडी निघाली.

सरळ वाट सोडून ड्रायव्हरनं श्रीरामपूरवरून घेतलं, कारण त्याला घरी जेवायचं होतं. तो जेवायला गेला आणि ट्रकभोवती बाजार उठून आला. दुष्काळात ट्रकवर होडी! “पाणी आलंय का कुठं?” “धरण फुटलं का?” “कुठं चाललात, पावसाच्या गावाला का?” दोघंतिघं तर बिछाने घेऊन चढायला निघाले. मिशनच्या शाळेतले एक निवृत्त मास्तर छत्री टेकत आले, होडीकडं वर बघत म्हणाले, “बायबलातल्या नोहाच्या होडीला निदान पाऊस तरी होता हो.”

घाट चढताना होडी तीनदा घसरली. एका वळणावर ट्रक वळला आणि होडी सरळ गेली, असं मी कचेरीत सांगायचो. थोडं वाढवून सांगायचो. घसरली, पण एकदाच.

रस्ता संपला तिथून वाडीच्या माणसांनी ती ओढत पाण्यापर्यंत आणली; बाकी सगळी वाडी काठावर. होडी पाण्यात उतरली तेव्हा ठकूबाई आत जाऊन बसली, डबा मांडीवर घेऊन. बराच वेळ तळाकडं बघत राहिली. पाणी येईना. मग डबा उपडा घालून त्यावर हात ठेवला.

फोटोसाठी रावसाहेब खुद्द आले. तेव्हा लक्षात आलं, होडीच्या अंगावर पांढऱ्या रंगात, हातहातभर अक्षरात ‘पुणतांबा’. ठकूबाईनं न विचारता आपली घोंगडी त्यावर वाळत टाकली. रावसाहेब ऐटीत उभे राहिले, होडी हलली, आणि फोटोत ते लहानूच्या गळ्यात पडलेले दिसतात. नगरच्या कचेरीनं त्यावर शेरा मारला, ‘अधिकारी व ग्रामस्थ यांचे संबंध सलोख्याचे दिसतात.’

मी पूरक टिपणी लिहायला बसलो. आयुष्यात एवढी लांब टिपणी लिहिली नाही. होडी कुठून आणली? कुणाची? रंग कोणता, घोंगडी का? एकूण साठ उपप्रश्न काढले, साठांना साठ उत्तरं. प्रश्नाचा दिवस आला. दुपारी नगरहून फोन आला. आमच्या प्रश्नाआधीच्या एका प्रश्नावर एवढी खडाजंगी झाली की तास तिथंच संपला. आमचा प्रश्न पुकारलाच गेला नाही. उत्तर छापून पटलावर ठेवलं.

रावसाहेबांनी देवाच्या तसबिरीला हात जोडले. मला मात्र चुकचुकल्यासारखं झालं. साठ उत्तरं वाया!

त्याच आठवड्यात हौसा भर दुपारी पाण्यापार झाली. ठकूबाई शेजारी, लहानू वल्ह्यावर. दवाखान्यात मुलगी झाली. रडायचा आवाज, लहानू म्हणतो, पाण्यापलीकडं ऐकू गेला. लहानू माझ्यासारखाच सांगतो, पण मुलगी जगली हे मी डोळ्यांनी पाहिलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी फार हुशार ठरलो असतो. पण त्या वर्षी पाऊस बरा झाला, गोदावरीला पाणी आलं, आणि पुणतांब्याची माणसं होडी मागायला आली. तेव्हा मी काय करून बसलो होतो ते कळलं. नवी होडी पुरविण्यात आली आहे, असं सभागृहात छापून पडलं होतं. ही परत द्यावी, तर सरकार खोटं. वाडीला दुसरी मागावी, तर जिला दिलेली आहे तिला पुन्हा कशी देणार? मी एका वाडीला होडी दिली आणि त्याच कागदानं दुसऱ्या गावाची काढून घेतली. पुणतांब्याची माणसं त्या पावसाळ्यात शेताला जायला लांबून वळसा घेत होती, हे आठवलं की अजून खुपतं.

तात्यांकडं गेलो. म्हटलं, तुम्हीच सांगा.

“मी कशी परत मागू?” ते म्हणाले. “सरकारनं सांगितलंय ती सरकारची आहे. मी सभागृहाचा सदस्य. सभागृहाचा अवमान करू?” आणि डोळा मिचकावला.

“तात्या, एक विचारू? तो उपप्रश्न कोणता होता?”

“ओळखला नाहीत?”

“साठ काढले होते.”

“मी विचारणार होतो, त्या होडीतून पहिलं कोण पार झालं.”

माझ्या साठात तो नव्हता. होडी कुणाची, किती हात, रंग कोणता, सगळं मी काढलं होतं. बसलं कोण, हे नाही.

पुढच्या अधिवेशनात तात्यांनी नवा प्रश्न टाकला, पुणतांब्याचा. ‘(१) गावास होडी नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, नवी केव्हा देणार, (३) गावाची पूर्वीची होडी कोठे गेली?’ तो तिकडच्या कचेरीत गेला. तिथला कारकून बिचारा नवखा. नगरच्या बैठकीत भेटला तेव्हा घाम पुसत माझ्याकडं आला. मी पहिल्या दोन भागांची उत्तरं त्याला हसत सांगितली, ‘होय’ आणि ‘लवकरच’. त्या नव्या होडीला मंजुरी आलीही, पुढच्या पावसाळ्याच्या आत. तिसऱ्या भागाला त्यानं पेन थांबवून माझ्याकडं बघितलं.

“भाऊसाहेब, तुम्हाला काही माहिती आहे का?”

मी त्याचं पेन घेतलं आणि माझ्याच अक्षरात लिहून दिलं, ‘माहिती घेण्यात येत आहे.’